सत्त्याऐंशी नंबरचं झाड

विश्वास नाही ठेवलात तरी चालेल. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. बिश्केकमधलं आमच्या विद्यापीठाचं आवार. संध्याकाळचे पाच वाजले होते.

आवारातल्या प्रत्येक झाडाची तब्येत तपासायची आणि त्याच्या सावलीचा, गारव्याचा किती उपयोग होतो ते लिहायचं, हे माझं काम. माझे जोडीदार मेदेत बायके, म्हणजे मेदेतदादा, बुंध्यावर लाकडी मोगरी मारायचे. मी पलीकडून कान लावायची. आवाज भरीव आला की झाड ठणठणीत. पोकळ आला की तोडायचं.

सत्त्याऐंशी नंबरचं, कारागाच जातीचं डेरेदार झाड मुलींच्या हॉस्टेलसमोर होतं. बुंधा एवढा जाड, की पलीकडचं माणूस दिसत नसे.

हॉस्टेल सांभाळणाऱ्या बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, बाहेर आल्या.

"नुरझात, हे तोडलंस तर जुलैत माझ्या पोरी भाजून निघतील. नीट ऐक गं बाई!"

"काळजी नको एजे, झाड तुमच्याहून तरुण आहे," मेदेत बायके हसले.

एजे त्यांना एक शिवी हासडून आत गेल्या. मी कान लावला.

ठक… ठक… ठक…

भरीव. मी 'निरोगी' लिहिलं.

मग बुंध्याला वळसा घातला, आणि…

तिथे कुणीच नव्हतं.

मेदेत बायके पाण्याच्या पाटापलीकडे फोनवर बोलत होते. मोगरी काखेत.

"आलोच! या झाडाला अजून हात लावला नाही," ते ओरडले.

पुन्हा ऐकायला हवं होतं. पण त्या बुंध्याला कान लावायची हिंमतच झाली नाही.

"झालंय ते. पुढे चला," मी म्हणाले.

नऊ दिवसांनी, वारा नसताना, ते झाड कोसळलं. आतून पार भुगा. खाली बाकावर बुरुलचा एजे बसल्या होत्या.

त्यांचा उजवा पाय गेला.

इस्पितळात त्यांनी एवढंच विचारलं, "नीट ऐकलं होतंस ना?"

मी हो म्हणाले. अजून लाज वाटते.

तेव्हापासून भरीव आवाज आला की मी बुंध्यामागे डोकावून बघते. मेदेत बायके माझ्या डोळ्यांदेखत ठोकतात, तरी भरवसा वाटत नाही.

"अगं, चांगलं झाड आहे! डोकं फिरलंय का तुझं?"

तरी मी लिहिते… 'तोडा'.

या वसंतात अकरा झाडं पाडली. हॉस्टेलच्या भिंती आता दिवसभर तापतात.

प्रत्येक बुडखा मी वाकून पाहिला.

अकराही आतून भरीव होते.