आजींचा राग गेला कुठे?

जिमईआजी आमच्या कोरकू भाषेत चांगल्या मिनिटभर बोलल्या, तेही टेबलावर हात आपटून. आणि आमचा शिक्षक यंत्रमानव 'दुवा' मराठीत एवढंच म्हणाला, "आजी थोड्या घाबरल्यात, पण ऑपरेशनला तयार आहेत."

मग बाकीचं बोलणं गेलं कुठे?

मी सोमकली बेठेकर, सातवीतली. मेळघाटातल्या एका दवाखान्यात दुभाष्यांचा (एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत तोंडी सांगणाऱ्यांचा) वर्ग भरतो. त्यात मी सगळ्यांत लहान. त्या दिवशी दुवा नमुना दाखवणार होता आणि आम्ही गप्प बसायचं होतं. पण डॉक्टर केळुसकरांनी संमतीचा कागद आजींपुढे सरकवला आणि माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, थांबा! आजी असं बोलल्याच नाहीत."

"मध्ये बोललीस. दहा गुण वजा," दुवा म्हणाला.

"वीस कर!"

दुभाष्याचे दोन नियम आहेत. बोलणाऱ्याच्या जागी 'मी' म्हणून बोलायचं. आणि काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. रागसुद्धा गाळायचा नाही, कारण तोही बोलण्याचाच भाग असतो. गंमत म्हणजे हे मला दुवानेच शिकवलं होतं! मी आजींशेजारी उभी राहिले आणि त्यांच्याच आवाजात कडाडले, "मी घाबरले नाही, चिडले आहे. माझ्या पोटातलं काय कापणार, तीनदा विचारलं. सांगितल्याशिवाय मी अंगठा देणार नाही!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "माझं चुकलं, आजी," ते म्हणाले. त्यांनी चित्र काढून पित्ताची पिशवी दाखवली. ती का काढायची, न काढल्यास काय होईल, सगळं सांगितलं. मी शब्दन् शब्द कोरकूत पोचवला.

"मी घरी विचार करते. उद्या सांगते," आजींच्या वतीने मी म्हणाले.

"थांबतो," डॉक्टर म्हणाले.

दुवाला कोरकू येत नव्हती असं नाही. यंत्र उदाहरणांवरून शिकतं. त्याला दिलेल्या हजारो संभाषणांत रुग्ण घाबरायचे आणि शेवटी 'हो' म्हणायचे. भांडणारी आजी त्याने कधी ऐकलीच नव्हती, म्हणून त्याने ओळखीचं उत्तर पुढे केलं (यालाच अंदाज म्हणतात).

माझे गुण गेले ते गेलेच. पण आता दुवाला रागाची उदाहरणं हवी आहेत. दर शनिवारी मी त्याला शिकवायला जाते, आणि माझ्याकडे ती भरपूर आहेत.