पाळलेलं ग्रहण
खण-नारळ आणि तांदूळ भरलेलं सूप घेऊन जया पाटाजवळ वाकली, आणि आईनं भरल्या घरात तिचं मनगट धरलं. "तू नको भरू वटी," रंगुबाई हळूच म्हणाली, पण ओसरीवरच्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल इतपत हळूच! "ज्यांची लेकरं धड हायेत, त्या भरतील."

जयानं सूप शेजारणीच्या हातात दिलं. भावजयीचं डोहाळजेवण म्हणून ती दोन दिवस आधीच कोपरगावहून कोल्हारला आली होती, पहाटे उठून पुरण तिनंच शिजवलं होतं, पाटाभोवतीची रांगोळीही तिचीच. रांधायला तिचे हात चालत होते, ओटी भरायला मात्र चालत नव्हते.

बाजेवर तिची लेक ज्ञानेश्वरी बसली होती. पाच वर्षांची, बोलायला चुरचुरीत, पण कमरेखाली जीव नाही. जन्मली तीच पाठीच्या कण्यावर उघडी गाठ घेऊन. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पोर वाचली, पाय गेले. आणि हे कशामुळं झालं, ते रंगुबाई पाच वर्षं आल्यागेल्याला सांगत होती. जयानं पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही, विळी हातात धरली, देवानं तिला शिक्षा दिली. बाया चुकचुकत, जया मान खाली घालून चहा ओतत राही.

खरं तर त्या ग्रहणात जया सासरी अंधाऱ्या खोलीत पाण्याचा घोट न घेता, कुशीसुद्धा न बदलता ताठ पडून राहिली होती. इतकं कडक ग्रहण गावात कुणी पाळलं नसेल!

पण ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. बाळाचा कणा पहिल्याच महिन्यात बनतो, आईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी, असं ते म्हणाले. त्यासाठी जे लागतं ते आईच्या अंगात आधीपासून असावं लागतं. पालेभाजी, डाळी-उसळी खायला हव्यात, आणि दिवस राहण्याआधीच फॉलिक अ‍ॅसिडची साधी गोळी सुरू करायला हवी. याच एका कारणानं झालं असं खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, असंही ते प्रामाणिकपणे बोलले, पण तिच्या रक्ताचा कागद पाहून त्यांनी विचारलं, "लग्नाआधी माहेरी काय खायचीस, बाई?"

काय खायची? भाऊ अंगद पैलवान होता. घरातलं दूध, तूप, बदाम, अंडी सगळं अंगदच्या खुराकाला. तो आणि वडील जेवून उठले की आई बसे, आणि आईनंतर जया. तिला कुणी कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं असंही कुणाला म्हणता आलं नसतं. फक्त वाढणारीनं शेवटी जेवायचं आणि उरेल ते जेवायचं, एवढाच घराचा रिवाज. भाजी सरलेली असे, मग तिखट-मीठ आणि भाकरी. शिवाय भावाच्या कुस्तीसाठी दर मंगळवारी उपास, तोही हौसेनं! एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत दिवस राहिले.

डॉक्टरांच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा बाकावर आई तोंडात पदर कोंबून बसली होती. वर न बघताच तिनं विचारलं, "गिरान पाळलं हुतंस न्हवं?"

एका क्षणात जयाला सगळं कळलं. खरं सांगितलं तर ही माउली उभ्या जन्मात अन्न गोड मानणार नाही, आणि अंगद स्वतःच्या दंडाकडं बघू शकणार नाही. कुणाच्या तरी माथी दोष जाणारच होता... तो तिनं आपल्या माथी घेतला.

"न्हाई पाळलं," ती म्हणाली.

रंगुबाईचा चेहरा संतापानं लाल झाला, पण त्या संतापाच्या मागं जयाला सुटका दिसली होती. त्या एका सुटकेवर तिनं पाच वर्षं काढली.

दोन वर्षांपूर्वी सावेडीची स्नेहल अंगदची बायको होऊन आली, तेव्हा मात्र जयाला राहवलं नाही. तिनं तिला डॉक्टरांकडं नेलं, गोळी सुरू करून दिली, नवऱ्याच्या पंगतीला बसून जेवायला बजावलं. शिकलेली स्नेहल आधी हसण्यावारी नेत होती, म्हणून जयानं तिला सगळी हकिगत सांगितली आणि वर लेकीची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

आज ती शपथ मोडली. ओटी अर्धी भरलेली असताना स्नेहल पाटावरून उठली. बाया अपशकुन म्हणून कुजबुजल्या.

"आई, ताईंनी ग्रहण पाळलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नको म्हणून त्या खोटं बोलल्या."

आणि मग डॉक्टरांचं सगळं बोलणं तिनं सांगितलं. जया तिला गप्प करायला धावली, पण उशीर झाला होता. पैलवान अंगद दारातून ऐकत होता, तो उंबऱ्यावरच मटकन बसला. रंगुबाईनं हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला आणि कुणाकडंही न बघता ती आत निघून गेली.

स्नेहलनं हट्टानं जयाकडूनच ओटी भरून घेतली. बाया जेवल्या, गेल्या. दिवेलागणीला जया स्वयंपाकघरात गेली तर आई भिंतीला टेकून तशीच बसलेली, सकाळपासून पोटात कण नाही. जयानं घास पुढे केला. आईनं तोंड फिरवलं. हेच टाळण्यासाठी तर सगळा खटाटोप केला होता... जयाला मनातून स्नेहलचा रागही आला.

"इसरून जा, आई. कुणालाच म्हाईत नव्हतं. तुला तरी कुठं पोटभर मिळत हुतं?"

लेकीकडं न बघता, परक्या बाईला विचारावं तसं रंगुबाईनं विचारलं, "तवा तुला भूक लागायची का गं, जया?"

एक खोटं आणखी बोलायला किती सोपं होतं! जयाच्या ओठांवर ते आलंही. पण या घरात तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"लागायची, आई," ती म्हणाली. "लई लागायची."