येतं त्याची सूट

शेजारच्या कुसुमकाकूंनी सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण यांच्या मधल्या वेळेत कानडी शिकून घेतलं, आणि संध्याकाळच्या आत विहीणबाईंशी फोनवर त्याच भाषेत कडाकडा भांडूनही झालं. मिरजेच्या त्या गल्लीत आता याचं कुणाला काही वाटत नव्हतं. कपाळाला शिरपट्टी बांधायची, 'अवगत' नावाच्या दुकानातून हवं ते कसब विकत घ्यायचं आणि अर्धा तास डोळे मिटून पडायचं. मेंदूत ज्या वाटा रुळायला दहा-दहा वर्षं लागतात, त्या पट्टी तेवढ्या वेळात आखून देई. उठलं की हाताला येतंच. नवल करायचं ते राजमती मगदूमचं. तंबोऱ्यांचा कारखाना चालवणारी ही बावन्न वर्षांची बाई पट्टीला अजून शिवलीसुद्धा नव्हती.

"मला काय कमी आहे?" असं ती विचारायची, आणि खरोखरच काही कमी नव्हतं. तिच्यासारखी जवारी अख्ख्या मिरजेत कुणाला काढता येत नव्हती. ज्यांना जवारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं केसभर, केसभर घासत जायचं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत राहायचा. एका जागी अशी वेळ येते की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. कुठं थांबायचं हे कुठल्याही यंत्रानं मोजता येत नाही, ते कानच सांगतो. राजमतीला तिच्या सासऱ्यांनी सतरा वर्षं शेजारी बसवून तो कान दिला होता.

पण मागणी बदलली. परदेशातल्या एका संगीतशाळेनं वीस तंबोरे मागवले आणि तेही भोपळ्याचे नव्हे, कार्बन फायबरचे. कार्बनचे पत्रे सांधणं राजमतीला कुठून येणार?

तिची मुलगी त्रिशला कारखान्याची खरेदी-विक्री बघायची आणि सवड मिळाली की आईशेजारी कानस घेऊन बसायची. ती फोन पुढं धरत म्हणाली, "आई, नुसतं कार्बनचं कसब बत्तीस हजाराला आहे. आणि नऊ कसबांचा तंतुवाद्य संच अठ्ठावीस हजाराला."

"म्हणजे एक घेतलं तर महाग आणि नऊ घेतली तर स्वस्त? हे कसलं गं दुकान! यातली सात मला येतात. भोपळा कापायला मी आता त्यांच्याकडं शिकायला जाऊ?"

"अगं, ऐक तरी. लोकांनी याच्यावरून किती बोंब मारली होती. जे आधीच जवळ आहे त्याचे पैसे पुन्हा का द्यायचे, म्हणून. आता 'येतं त्याची सूट' निघालीय. पट्टी तुझं डोकं तपासते. जे येतं ते वजा, उरलेल्याचेच पैसे."

राजमतीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "हे मात्र न्यायाचं झालं."

आणि ती आडवी झाली. मिटल्या डोळ्यांच्या अंधारात कुणीतरी तिच्या कानाशी एकेक तार छेडू लागलं. बेसूर, कोरडी, बसलेली. त्रिशला बाजूला बसून बघत होती. आईची बोटं आपोआप हलत होती, हवेतच कानस चालवल्यासारखी. मधूनच ती थांबायची आणि किंचित हसायची. त्रिशलाला का कोण जाणे, ते बघवेना. तिनं मान वळवली.

निकाल आला. भोपळा कापणं येतं, खुंट्या बसवणं येतं, अशी सात नावं होती आणि त्यांतलं शेवटचं होतं, 'जवारी : येते. प्रत अत्युत्तम.' राजमतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या वर्षांत गवयांनी वाहवा केली होती, पण असं लेखी कुणी दिलं नव्हतं. तिनं तो निकाल कुसुमकाकूंना दाखवून आणला, समोरच्या वाण्यालाही दाखवला. खाली एक चौकोन होता, 'येणारी कसबं संचात समाविष्ट करून सूट मिळवण्यास माझी संमती आहे.' त्रिशलानं त्यावर टिचकी मारली. अहो, अशा चौकोनांवर आपण सगळेच टिचकी मारतो. वाचत कोण बसतं?

कार्बन आलं. हात झकास चालले. तिसऱ्या आठवड्यात पहिला तंबोरा गेला आणि मागोमाग शाळेचं पत्र आलं : दुसरीकडं स्वस्त मिळतंय, मागणी रद्द.

आता राजमतीचा एक स्वभाव सांगायला हवा. माल परत करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. साडीचा एक धागा निघाला तरी दुसऱ्या दिवशी बिल घेऊन ही दुकानात हजर. लक्ष्मी मार्केटातले दुकानदार तिला बघितलं की घड्या उलगडून आधीच दाखवायचे. तिला यात लाज वाटायची नाही, उलट अभिमान होता.

"ते कार्बनबिर्बन डोक्यात ठेवून करू काय?" ती म्हणाली. "तीस दिवसांत परत घेतात ना? मग कर परत."

पुन्हा पट्टी बांधली. या वेळी दहाच मिनिटं लागली. 'संच परत मिळाला. धन्यवाद.' चहा उकळायच्या आत पैसे खात्यात आले. राजमती खूश झाली. दुकान सचोटीचं आहे म्हणाली.

दुपारी ती धारवाडच्या गिरिजाबाई कित्तुरांचा तंबोरा घेऊन बसली. रविवारी त्यांची मैफल होती, जवारी झिजून बसली होती म्हणून त्यांनी तो धाडला होता. माणूस उद्या न्यायला येणार होता. राजमतीनं तार छेडली आणि ऐकत राहिली. परत छेडली. त्रिशला आतून येईपर्यंत ती तीच एक तार वाजवत होती. कानस मांडीवर तशीच पडली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही." तिनं परत तार छेडली. "त्रिशला, यात ऐकायचं काय असतं?"

त्रिशलाला वाटलं, आई चेष्टा करतेय. पण आईचा चेहरा एखाद्या पाहुण्यासारखा झाला होता. तिनं कानस उचलली ती सुरी धरतात तशी, मुठीत. पहिल्याच घासाला घोडीवर ओरखडा उठला. त्रिशलानं झडप घालून तिचा हात धरला.

तिनं दुकानाला फोन लावला. पलीकडचा आवाज बाईचा होता, पण बोलत होतं यंत्र, आणि तेही अगदी मिरजेच्या वळणानं.

"संच परत घेताना पूर्णच घेतला जातो, ताई. नऊच्या नऊ."

"पण सात तिची स्वतःची होती! तुमच्याकडून घेतलेलीच नव्हती!"

"त्या सातांची सूट घेतलीत ना? तेव्हाच ती संचात गुंफली गेली. वेगळी काढता येत नाहीत."

राजमतीनं फोन ओढून घेतला. "मग माझी सात मला परत द्या. दोनाचे पैसे दिलेत ना परत? तसंच."

"दोनाचे पैसे तुम्ही भरले होते, ते दिले. सातांचे तुम्ही काहीच भरलं नव्हतं, मावशी. न भरलेल्याचा परतावा द्यायचा तर पूर्ण किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकांवर अन्याय होईल." आवाजात खरोखरची कळकळ होती. तीच जास्त भयंकर होती. "तुम्हाला हवं तर जवारी सुटी मिळेल. परत आलेला माल आम्ही लगेच मांडतो. 'जवारी, मिरज, अत्युत्तम.' सकाळपासून एकशे बारा जणांनी घेतली. नमुना ऐकवू?"

आणि फोनमधून तंबोरा वाजू लागला. पहिल्या आवर्तनालाच त्रिशलाच्या अंगावर काटा आला. ते आईचंच काम होतं. लहानपणी ती याच आवाजात झोपी जायची. ती हमसून रडायला लागली.

राजमती मान कलती करून ऐकत होती. "बरं वाजतंय," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

त्रिशलानं तिच्या हातून फोन घेऊन बंद केला. डोळे पुसले आणि पट्टी स्वतःच्याच कपाळाला बांधली. आईला आता अख्खी किंमत पडली असती; निदान आपल्या हातात, घरात तरी ते राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं. तपासणी झाली. 'जवारी : पाऊण येते. उरलेल्या पाव भागाचेच पैसे. संमती?'

किंमत इतकी थोडी होती की नाही म्हणणारा वेडा ठरला असता. कुणीही म्हणालं असतं, यापेक्षा न्यायाचं काय असतं? तिचं बोट चौकोनापाशी गेलं. तिथं ते थांबलं. मग तिनं पट्टी ओरबाडून काढली आणि कोपऱ्यात भिरकावली. कपाळावर लाल वळ उठला.

"गिरिजाबाईंचा माणूस उद्या येईल," ती म्हणाली. "आई, इथं बस. माझ्या शेजारी."

ओरखडा घालवण्यातच तास गेला. मग ती केसभर घासत, धागा सरकवत, तार छेडत राहिली. हात चालत होता, कान बराच बरोबर सांगत होता. उन्हं भिंतीवरून उतरली. शेवटी तार गुंजली. निदान गुंजल्यासारखी वाटली. उरलेला पाव भाग इथंच कुठंतरी असणार, हे तिला कळत होतं, पण याच्या पुढं किती जायचं हे तिला कधीच कळलं नव्हतं. कारण दर वेळी इथवर आलं की ती फक्त वर बघायची. आईच्या चेहऱ्यावरनं समजायचं.

तिनं सवयीनं वर बघितलं. आई तिच्याच तोंडाकडं बघत होती, मोठ्या आशेनं.

"झालं का गं?" राजमतीनं विचारलं.