व्हर्डेलचा डावा हात

मेम्फिसच्या त्या स्टुडिओत दुपारी तळलेल्या माशांचा वास यायचा; खाली खानावळ होती. व्हर्डेल गेन्सनं घरघरणारा पंखा बंद करायला लावला आणि ती पियानोसमोर बसली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या रॉक अँड रोलवर मिसिसिपीपासून शिकागोपर्यंतची पोरं नाचत होती. पाद्री असलेल्या वडिलांनी तिचं नाव टाकलं, तरी ती थांबली नव्हती. मग दौऱ्यावर गाडी उलटली आणि डाव्या हाताची बोटं कायमची ताठरली. रेकॉर्ड कंपनीचा साहेब म्हणाला, "घरी जा बाई, लग्न कर." तिनं त्याच्याच टेबलावर उजव्या हातानं ठेका बडवला आणि बाहेर पडली.

आज तिच्या हट्टापायी म्हातारा ल्युशस काचेपलीकडे टेप लावून बसला होता.

"खालचे सूर वाजवायला कुणाला बोलावू का गं?"

"माझ्या पियानोला दुसरा माणूस लागत नाही, काका. चालू करा."

पहिलं कडवं एकट्या उजव्या हातानं झालं. दुसऱ्यात खर्जातून ठेका उमटला. आधी हलकाच, मग अगदी तिच्या जुन्या डाव्या हातासारखा, खणखणीत.

"हात बरा झाला आणि बोलली नाहीस होय?" ल्युशस स्पीकरवरून हसला.

व्हर्डेलनं खाली पाहिलं. डावा हात मांडीवर पडला होता. पियानोच्या खर्जाकडच्या पट्ट्या आपोआप दबत होत्या. माशांचा वास गेला होता. ओल्या चिखलाचा येत होता.

लय वाढली. दबणाऱ्या पट्ट्या एकेक करत तिच्या बोटांकडे सरकू लागल्या.

ल्युशसचं हसू थांबलं. "ऊठ, व्हर्डेल! ऊठ तिथून!"

ती उठली नाही.

"गाणं माझं आहे," ती दात आवळून म्हणाली. "वाजवायचं तर माझ्या लयीत."

तिनं कोपरानं, मग टाचेनं पट्ट्या हाणल्या.

खर्ज एक क्षण थबकला. मग मुकाट तिच्या मागून आला.

गाणं संपलं. ल्युशस दारात उभा राहिला. आत आला नाही. "टेप पुसून टाकतो."

"हात लावू नका. हीच बाजारात जाईल."

ती पाणी प्यायला उठली. पियानोसमोरच्या बाकाच्या डाव्या टोकाचं कातडं, जिथं ती बसलीच नव्हती, खोल दबलेलं होतं. ते सावकाश फुगून वर आलं.

व्हर्डेलनं पेला खाली ठेवला.

"बस गप," ती म्हणाली. "अजून एक गाणं बाकी आहे."

कातडं पुन्हा दबलं.