डावखुऱ्या राणीचा चेहरा

चित्रकार मित्राच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, त्या पत्राला मामांनी कधी उत्तर दिलं नाही. 'भावजी, पुस्तक तुम्ही लिहिलंत. खरं सांगा, चित्रातली राणी कोण?' एवढंच होतं त्यात. मामांना ठाऊक नव्हतं आणि मित्राला विचारायला जीभ रेटली नाही. शिवाय इतिहास लिहिला मामांनी आणि लोक कौतुक करत ते चित्रांचं! तेव्हा त्यांच्याही पोटात दुखलंच होतं.

आता तोच चित्रकार म्हातारा होऊन समोर बसला होता. मामांचा भाचा, पेशाने खासगी गुप्तहेर, ऐकत होता.

"संग्रहालयाला मूळ चित्र हवंय. पुस्तक छापल्यापासून ते ट्रंकेत बांधलेलं. तसंच चौकटवाल्याकडे नेलं, तिथे उघडलं, तर राणीचा चेहराच कापलेला! घरात बायको आणि पाहुणी आलेली मेहुणी. बायकोने त्या राणीला जन्मभर पाण्यात पाहिलंय. म्हटलं, तूच कापलंस. तशी बॅग भरून भावाकडे गेली. चोर सापडेपर्यंत तोंड दाखवणार नाही म्हणते."

"राणी होती कोण?"

"ते तिला कळायला हवं," चित्रकार गुरगुरला.

चौकटवाल्याने चित्र पुढे ठेवलं. गळ्याच्या वर भोक. उजव्या हातात उगारलेली तलवार शाबूत.

"आलं तेव्हा असंच होतं, साहेब. मी चौकटी विकतो, मुंडकी नाही."

"घरातलं कुणी बघायला आलं?"

"कुणी नाही. तेव्हापासून माझ्याच कुलपात आहे."

वहिनी भावाच्या घरी धुतलेले कपडे घडी करत होत्या. "भावजी, तुम्हीसुद्धा चौकशीला?"

मामांनी मान खाली घातली. भाच्याने पुस्तक उघडलं. राणी एका बाजूने दिसत होती, ओठ घट्ट मिटलेले.

"कोण ही?"

"आंधळाही सांगेल. तेच नाक, तीच हनुवटी आणि तलवार डाव्या हातात! माझी धाकटी बहीण. आमच्याकडे डावखुरी ती एकटीच. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि ह्यांनी मेहुणीला राणी केली."

"म्हणून चेहरा कापलात?"

"कापायचा तर तेव्हाच नसता कापला? त्या ट्रंकेला मी बोटही लावलं नाही. सवतीचं तोंड कोण मुद्दाम बघतं?"

बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला, "मामा, राणीमागचे सैनिक बघा."

मामांनी चष्मा सावरला. "सगळ्यांचे भाले डाव्या हातात. अख्खं सैन्य डावखुरं! मी लिहिलेलं ह्याने वाचलंच नसणार."

भाचा नुसता हसला.

चित्रकाराच्या घरी मेहुणी डाव्या हाताने सफरचंद सोलत होती.

"तुमची ताई म्हणते, राणी म्हणजे तुम्ही."

"ताईचं डोकं फिरलंय! राणीची तलवार उजव्या हातात. मी ही अशी डावरी."

भाच्याने पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. "इथे तर डाव्या हातात आहे."

सोलणारा हात थांबला.

"छपाईच्या ठशावर चित्र जसंच्या तसं कोरलं की कागदावर डावं-उजवं उलटं उमटतं," भाचा म्हणाला. "कोरणारा ते आधी उलटवून घ्यायला विसरला. म्हणून सगळं सैन्य डावखुरं."

"त्या गाढवाशी मी वर्षभर बोललो नव्हतो!" चित्रकार म्हणाला.

"पण बायकोला काही बोलला नाहीत. त्यांना फक्त पुस्तकातला डावा हात ठाऊक. उजवा हात मूळ चित्र उघडणाऱ्यालाच कळणार." भाचा मेहुणीकडे वळला. "चौकटवाल्याकडे तुम्ही गेलाच नाहीत. मग उजवा हात कुठे पाहिलात?"

मेहुणीने पर्समधून कागदाचा तुकडा काढला.

"सगळे म्हणायचे, राणी तूच. तेवढंच एक माझं होतं. परवा हौसेने ट्रंक उघडली, तर तलवार उजव्या हातात. इथेही ताईच! कापला रागाने. फाडायला हात चालेना. चेहरा ताईचा ना."

चित्रकाराने तो तुकडा हातात घेतला. "पण माझ्या बायकोला स्वतःचा चेहरा ओळखू येऊ नये?"

"स्वतःला बाजूने कुणी पाहिलंय?" भाचा म्हणाला. "शिवाय बहिणीबहिणींचं नाक एक."

"आता मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?" चित्रकाराने विचारलं.

"आधी हे तोंड जाऊ दे," मामा म्हणाले. आपण एवढं बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. "माझं एक उत्तर राहिलंय."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या: 'वहिनी, राणी तुम्हीच. उशीर झाला, माफ करा.' तो चेहरा कागदाच्या घडीत नीट ठेवला, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले, जरा घुटमळले आणि पाकीट आत सोडलं.