अध्यक्षांच्या हातातला लिफाफा

कमळाबाईंनी टेबलावर आधी स्टीलचा डबा ठेवला, मग फोटो.

"डब्यात शिंपल्यातली कालवं आहेत," त्या म्हणाल्या. "काल पौर्णिमा होती म्हणून मिळाली. एरवी ती दगडाची खडप पाण्याखालीच असते. पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोटीला काय ते दोन तास उघडी पडते. दुसरं द्यायला माझ्याकडे काही नाही गो."

"हे पुष्कळ झालं," नम्रता शेट्ये म्हणाली आणि तिने फोटो उचलला.

बाजूच्या खुर्चीत दादू भाटकर अवघडून बसला होता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याचे दोनच नेम होते. राममंदिरातलं कीर्तन चुकवायचं नाही आणि मांडवी फुटबॉल क्लबची मॅच चुकवायची नाही. खासगी तपास करणाऱ्या भाचीच्या, नम्रताच्या मागे हिंडायचं हे अलीकडचं. पण आजचा तपास त्याच्याच घरातला म्हणायचा, कारण कमळाबाई म्हणजे क्लबचे अध्यक्ष रावजी मयेकर यांची बायको.

माजी अध्यक्ष. हा शब्द दादूच्या गळ्याखाली अजून उतरत नव्हता.

रावजी मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरचा खलाशी. बारा वर्षांपूर्वी त्याने मांडवीच्या किनाऱ्यावर काळ्या पुळणीत चार बांबू रोवले, मासेमारीचं फाटकं जाळं गोलाला बांधलं आणि वाडीतली पोरं गोळा केली. लोक हसले. तेच लोक यंदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला ढोल घेऊन गेले होते. समोर मालगुंडचा संघ होता. शेवटच्या मिनिटाला कर्णधार ऋत्विकची पेनल्टी खांबाला लागली आणि मांडवी हरली. पण गाव मान ताठ ठेवूनच परतलं. आणि तीन दिवसांनी क्लबच्या दाराखाली हा फोटो सापडला.

फोटोत पुळणीवर मालगुंडचे प्रशिक्षक अनिल पवार रावजीला लिफाफा देत होते. दोघांच्या लांबलचक सावल्या फोटो काढणाऱ्याकडे आलेल्या. रावजीच्या डोक्यावरचं बशीएवढं टक्कल स्वच्छ दिसत होतं. मागे बांबूचा गोल, त्याच्याही पलीकडे काळ्या दगडांवर वाकलेल्या दोन बायका. पाठीमागे छापील अक्षरं होती : रामनवमी, संध्याकाळी साडेपाच.

"म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी," नम्रता म्हणाली. "रावजी काय म्हणतात?"

"लिफाफा घेतला म्हणतात. कधी घेतला, आत काय होतं, काही सांगत नाहीत. अध्यक्षपद त्याच दिवशी गेलं. आज सात वाजता सभासदत्व काढणार. भावोजी, तुम्ही होतात ना त्या सभेला?"

दादूने मान खाली घातली. सभेत कुणीतरी 'विकला गेला' म्हणून ओरडलं, तेव्हा दादू गप्प बसला होता. ओरडणाऱ्यापेक्षा आपलं गप्प बसणं मोठं पाप, असं त्याला तेव्हापासून वाटत होतं.

रावजी पडवीत जाळं विणत बसला होता. नम्रताने चार प्रश्न विचारले. त्याची सुई थांबली नाही.

"बारा वर्षं ज्यांच्यात राहिलो त्यांना मी माहीत नाही, तर तारीख सांगून काय होणार बाय?" तो म्हणाला. मग दादूकडे वळला. "काय रे दादू, ऋत्विक सरावाला जातो ना?"

"नाही. घरातच असतो."

तेव्हा मात्र सुई थांबली.

ऋत्विक दार लावून बसला होता. डोळे सुजलेले.

"रावजीकाकांनी मला सामन्याच्या आधी सांगितलं होतं, 'मॅच झाली की तुला एक गोष्ट सांगायची आहे,'" तो म्हणाला. "मग मी पेनल्टी घालवली. त्यांनी सांगितलंच नाही. रागावले असतील."

क्लबचा सचिव सर्वेश फलकावर खडूने लिहीत होता : आज साडेपाच. खाली कालच्या पुसलेल्या पावणेपाचच्या खुणा होत्या.

"वेळ रोज बदलते?" नम्रताने विचारलं.

"रोज पाऊण तास पुढे. समुद्र सोडेल तेवढंच आमचं मैदान," सर्वेश म्हणाला. "मधले सात-आठ दिवस संध्याकाळी पुळण मिळतच नाही. मग गोल काढून ठेवायचे आणि वरच्या माळावर जायचं."

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते," दादूने अभिमानाने भर घातली. "पौर्णिमेला पंधरा तिथी, म्हणून सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. आमच्या कीर्तनकारबुवांनाही मीच सांगतो."

"फोटो पहिल्यांदा कुणी पाहिला?"

"मी. लगेच विनीतसाहेबांना नेऊन दिला. उपाध्यक्ष ना ते. खरं सांगू का, द्यावासा वाटत नव्हता. फुटबॉल काय ते मला रावजीकाकांनीच शिकवलं."

विनीत सावंत मुंबईहून येऊन सहा महिने झाले होते. समुद्रासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. त्यांनी गॅलरीत बसवून कोकम सरबत दिलं.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण क्लबला आता शिस्त हवी. मला काही खुर्चीची हौस नाही. लोकच म्हणतात, तुम्ही घ्या."

"रामनवमीला आपण कुठे होतात?"

"इथेच. रोज साडेपाचला चहा घेऊन इथे बसतो, पोरं खाली खेळत असतात. रोजचंच आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर लिफाफा घ्यायचा म्हणजे धाडसच."

नम्रता कठड्यावरून वाकली. खाली एक माणूस सायकल ढकलत चालला होता. वरून त्याच्या केसांतला भांग दिसत होता. ती बराच वेळ तिथेच बघत राहिली. दादूला वाटलं, हिला सरबत आवडलं नाही.

"मामा," जिना उतरताना तिने विचारलं, "रामनवमीला रावजी कीर्तनाला होते?"

"होते तर. दुपारी बारापर्यंत. पाळणा हलवला, प्रसाद घेतला. का?"

"काही नाही. मला मालगुंडला एक फोन करायचाय."

सात वाजता क्लबची खोली भरली. नम्रताने बोलावलं म्हणून ऋत्विकही मागे येऊन बसला होता. रावजी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण तो आला आणि दाराशी उभा राहिला. विनीत मधल्या खुर्चीत होते. कोपऱ्यातला पाहुणा पाहून कुजबुज सुरू झाली. मालगुंडचे अनिल पवार.

नम्रताने फोटो हातोहात फिरवायला दिला.

"आपण सगळ्यांनी यातला लिफाफा पाहिला," ती म्हणाली. "आता लिफाफ्यावर बोट ठेवा आणि उरलेलं बघा. मामा, मागे त्या दगडांवर बायका काय करतायत?"

दादूने चष्मा सारखा केला. "कालवं काढतायत."

बोलता बोलता तो थबकला. साठ वर्षं या समुद्राशेजारी गेली आणि फोटो चार वेळा हातात येऊन गेला होता.

"रामनवमी म्हणजे नववी तिथी," तो सावकाश म्हणाला. "पाऊणपट केली की पावणेसात. पावणेसातला भरती. साडेपाचला पाणी चढत असणार. ती खडप बुडालेली असणार, गोलही काढलेले असणार. ही रामनवमी नाहीच."

पुढच्या रांगेतल्यांनी फोटो पुन्हा ओढून घेतला. 

"वेळ चुकली असेल," विनीत म्हणाले. "दुपारचा असेल फोटो. दुपारी ओहोटी असते ना?"

"दुपारी ओहोटी होती, पण सावल्या पायाखाली असत्या," नम्रता म्हणाली. " या लांब आहेत, जमिनीकडे आलेल्या. म्हणजे सूर्य समुद्रावर कललेला. शिवाय दुपारी बाराला रावजी पाळणा हलवत होते. संध्याकाळ खरी, दिवस खोटा. रामनवमीआधी संध्याकाळी खडप उघडी पडली ती अमावास्येला, पाडव्याच्या आदल्या दिवशी."

"तोच दिवस," अनिल पवार म्हणाले. "मी आलो होतो. मला आज कळलं की इथे असं काही झालंय."

"मग रामनवमी लिहिली कुणी?" सर्वेशने विचारलं.

"ज्याला सामन्याचा आदला दिवस हवा होता त्याने. पण तो इथला असता तर नवमीच्या संध्याकाळी पुळण दाखवायची चूक त्याने केली नसती. इथे रोज वेळ बदलते. साडेपाच हे रोजचंच, असं मला एकच माणूस म्हणाला." नम्रताने फोटोवर बोट ठेवलं. "आणि हे टक्कल. पुळणीवर उभं राहून ते दिसत नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दिसतं."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

"साहेब," सर्वेश म्हणाला, "तुमच्या फोनमध्ये खरी तारीख असेल. दाखवता?"

विनीतांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मग ते उठले. कुणी वाट अडवली नाही, कुणी निरोपही दिला नाही.

"पण लिफाफ्यात काय होतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते काकांनी सांगावं," नम्रता म्हणाली. "मला एवढंच दिसतं की स्वतःची अब्रू जात असताना त्यांनी फक्त ऋत्विकची चौकशी केली."

 कमळाबाईंनी आज दुपारी नवऱ्याच्या पेटीत सापडलेला लिफाफा पिशवीतून काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. तो अजून बंद होता.

"मुंबईच्या क्लबचं बोलावणं आहे, ऋत्विकसाठी," अनिल म्हणाले. "मीच शब्द टाकला होता. रावजी म्हणाले, सामना होऊ दे, पोराचं चित्त हलायला नको."

"आणि मग पेनल्टी गेली," रावजी पहिल्यांदाच बोलला. "हे पत्र बाहेर आलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मालगुंडवाल्याकडून पत्र घेऊन पोरगा विकला गेला. मला म्हणालात ते बरं झालं. माझं खेळायचं वय गेलं."

दादू उठला. 

"त्या दिवशी मी गप्प बसलो," तो म्हणाला. "आज बोलतो. रामाच्या दारात उभं राहून सांगेन, मी या माणसाच्या क्लबचा आहे. रावजी, खुर्चीत बस."

"बस काका," सगळी खोली म्हणाली.

रावजी पुढे आला, पण खुर्चीपाशी थांबला नाही. त्याने लिफाफा ऋत्विकच्या हातात ठेवला. मग फलकाशी गेला, बाहीने साडेपाच पुसलं आणि खडू घेऊन सावकाश लिहिलं : उद्या सव्वासहा.

"पत्र घरी वाच," तो ऋत्विकला म्हणाला. "आणि उद्या लवकर ये. पेनल्टी मारायची आहे, पन्नास वेळा."