कामकाजाच्या क्रमात दुरुस्ती

लिफ्टचं दार बंद होता होता एक तरुण आत घुसला. कानाला फोन, हातात जेवणाचा डबा. एसी बसमधून उतरून दुबईजवळच्या रास अल खैमाच्या दमट उन्हात आल्यामुळे त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. लिफ्टमध्ये आणखी कोणी आहे हे त्या बिचाऱ्याला दिसलंच नाही.

"आई कॉमा मी जेवलो फुलस्टॉप," तो फोनवर सांगत होता. "तू गोळी घेतलीस का क्वेश्चन मार्क"

पर्णिकाने ओढणी तोंडावर दाबून धरली, पण हसू कसलं आवरतंय! ती खुदकन हसली. त्याने घाईघाईने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत डोळ्यांवर ठेवला... आणि समोर ती.

"तुम्ही नेहमी असंच बोलता?" तिने विचारलं.

"नाही हो. म्हणजे... हो. आमच्या ऑफिसातला आजार आहे." तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही कुठल्या ऑफिसात?"

तिने नाव सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"मग तुम्हालाही होईल," तो म्हणाला.

त्याचं नाव सुदेश. गाव गुहागरजवळ. आणि योगायोग असा की, नव्या मुलीला ज्याच्या शेजारची खुर्ची मिळाली, तो हाच. योगायोग म्हणा किंवा सुपरवायझर ताजबी मॅडमची नजर म्हणा, त्या फार हुशार बाई होत्या.

काम मोठं मजेशीर होतं. आयर्लंडच्या संसदेत एक वरिष्ठ सभागृह आहे, तिथलं सिनेट. तिथे जे बोललं जाई ते त्याच क्षणी एका वृत्तसंस्थेच्या पडद्यावर अक्षरांत उमटवायचं. सदस्यांचे उच्चार कॉम्प्युटरच्या पचनी पडत नसत. म्हणून एकाने हेडफोन लावून ऐकायचं आणि तेच वाक्य स्वच्छ, सपाट आवाजात माइकमध्ये म्हणायचं, कॉमा-फुलस्टॉपसकट. कॉम्प्युटर त्याची अक्षरं करी, आणि शेजारचा माणूस चुका सुधारी. दिवसभर हेच केल्यावर माणूस आईशीही तसाच बोलणार, नाहीतर काय!

पहिल्याच दिवशी पर्णिकाने इज्जत घालवली. प्रत्येक सदस्य बोलणं संपवताना काहीतरी म्हणे, आणि तिला ते स्वच्छ ऐकू येई... "थँक यू, काही लाख." चुका सुधारताना तिने इमानदारीत इंग्रजीत लिहून टाकलं, 'धन्यवाद, काही लाख.'

सुदेशने स्क्रीनकडे पाहिलं आणि माइक बंद केला. मग टेबलावर डोकं टेकवून तो हसत सुटला.

"अहो, काहीर्लाख! आयरिश शब्द आहे. काहीर्लाख म्हणजे सभापती."

"मग नीट बोलावं ना त्यांनी! मला वाटलं, लाच देतायत."

"काही लाख कसले? रुपये की दिरहम?"

"दिरहम असतील तर मी पण त्यांना धन्यवाद देते," ती फणकाऱ्याने म्हणाली. तो पुन्हा हसला. ह्याचं हसणं सारखं ऐकावंसं वाटतंय, हे तिच्या तिथेच लक्षात आलं आणि तिने मान खाली घालून कीबोर्डवर नसलेली धूळ पुसली.

पुढे त्या दोघांत सभापतींचं नावच 'काही लाख' पडलं.

दुपारी तिथलं सभागृह बसलं की आधी ठरे, आज कोणता विषय कधी घ्यायचा. त्याला म्हणायचं कामकाजाचा क्रम. पण त्या निमित्ताने एकेक सदस्य उठून देशातलं ताजं दुखणं मांडी. कुठे घरभाडी वाढली, कुठे बस बंद पडली, कुठे कारखान्याला टाळं लागलं. प्रत्येकाची मागणी एकच, यावर चर्चा ठेवा. आणि सभागृहाच्या नेत्या सगळ्यांना गोड आवाजात सांगत, "येत्या काही आठवड्यांत नक्की प्रयत्न करू."

त्यात एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडच्या एका बेटावर दवाखाना होता पण डॉक्टर नव्हता. प्रत्येक बैठकीला त्या उठत, तेच मागत, तेच उत्तर घेऊन बसत. पर्णिकाचा त्यांच्यावर भारी जीव जडला.

"ह्या नेत्या आणि तुम्ही, सख्खे भाऊबहीण शोभाल," एकदा ती सुदेशला म्हणाली.

"का बरं?"

"तुमचंही सगळं येत्या काही आठवड्यांत."

ते खरंच होतं. माइकवर दुसऱ्यांची वाक्यं धडाधड बोलणारा हा माणूस स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की अडखळे. चहाच्या सुट्टीत दोन कप कडक चहा घेऊन येई, तिच्या कपात साखर कमी आहे ना ते विचारून घेई, काचेपलीकडच्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे बघत उभा राही. मग म्हणे, "पर्णिका, मला तुमच्याशी एक..."

"काय?"

"नाही... बघू. नंतर."

पर्णिका वाट पाहत राहिली. तिला तो आवडला होता, स्पष्ट आवडला होता. पण आपण का आधी बोलायचं, असा एक जुना हट्ट मनात होताच. आणि मग एका सकाळी ताजबी मॅडमनी सगळ्यांना जमवून सांगितलं, आयर्लंडचं काम महिनाअखेर खलास. पर्णिकाला दुसऱ्या टेबलावर जागा होती. सुदेशला कंपनी कोचीच्या ऑफिसात पाठवणार होती.

"छान आहे कोची," पर्णिका त्याला म्हणाली. आवाज सपाट ठेवायचं शिक्षण तिथे कामाला आलं.

"हं," तो म्हणाला. "बघू."

शेवटच्या बैठकीचा दिवस उजाडला. त्याचं विमान परवाचं होतं. दोघं शेजारी बसले होते आणि एकमेकांकडे पाहत नव्हते.

कामकाजाचा क्रम वाचून झाला. बेटावरच्या बाई उठल्या. आज मात्र त्यांनी चर्चा मागितली नाही. त्या म्हणाल्या, "मी फार काळ नम्रपणे विचारत आले. आज विचारत नाही. कामकाजाच्या क्रमात मी दुरुस्ती सुचवते. डॉक्टरचा विषय आजच घ्यायचा, आणि सगळ्यांच्या आधी घ्यायचा."

पर्णिका ताठ बसली. "असं करता येतं?" तिने कुजबुजत विचारलं. सुदेशने बोलता बोलताच मान हलवली. येतं. कोणीही सदस्य उठून सुचवू शकतो, आणि मग सभागृहाला हो किंवा नाही सांगावंच लागतं. बघू म्हणायची सोयच नाही.

मतदान झालं. बाई जिंकल्या! सुदेशने निकाल माइकमध्ये सांगितला तेव्हा त्याचा तो सपाट आवाज चक्क कापला. मंत्र्यांना बोलावणं धाडलं, आणि ते येईपर्यंत सभागृह अर्ध्या तासासाठी तहकूब झालं.

"यल्ला, चाय पी के आओ सब लोग," ताजबी मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेल्या.

सुदेशने माइक बंद केला. उठू लागला तर पर्णिका त्याच्या आधी उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "मला दुरुस्ती सुचवायची आहे."

"कुठे चूक झाली?" तो स्क्रीनकडे वाकला.

"तिथे नाही. कामकाजाच्या क्रमात. तुमचा एक विषय कधीपासून नंतर, नंतर म्हणून पडून आहे. तो आज घ्यायचा. आत्ता. कोचीच्या आधी, चहाच्या आधी." आज मागे हटणार नव्हती ती. "बोला. नसेल बोलायचं तर तसंही सांगा. पण बघू म्हणायचं नाही."

तो बसूनच राहिला. मग त्याने चष्मा काढला. काचा तर स्वच्छ होत्या.

"पर्णिका कॉमा," तो म्हणाला, "मला तू आवडतेस कॉमा लिफ्टमध्ये हसलीस तेव्हापासून..." आणि आपण काय करतोय हे कळून तो मरणाचा ओशाळला. "सॉरी. मी..."

"थांबू नकोस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. "पुढे काय? क्वेश्चन मार्क?"

"नाही गं. फुलस्टॉप."

"मला पण," पर्णिका म्हणाली. "फुलस्टॉप." तो सुखावून बघतच राहिला. मग ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "इतके दिवस का नाही बोललास?"

"काय बोलणार? मी सहा जणांत एक खोली घेऊन राहतो. तुझ्या बाबांचं टाइल्सचं एवढं मोठं शोरूम. ते मला दारात तरी उभं करतील का?"

"विचारू ना. ड्यूटी संपली की जायचं."

"आज?" त्याचा चेहरा उतरला. "त्यांच्यासमोर मी... नको. म्हणजे, उद्या..."

"सुदेश."

"आज," तो निमूटपणे म्हणाला.

संध्याकाळी शोरूमच्या काचेच्या दारापाशी तो पुन्हा थबकला. पर्णिकाने त्याचा हात धरला आणि सरळ आत नेलं. तिचे बाबा, जगन्नाथराव, हातात मेजरिंग टेप घेऊन एका नमुन्यापाशी उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे! या साहेब, या! आज रविवार नसताना कसे?"

पर्णिका चकित. "बाबा, तुम्ही ह्यांना ओळखता?"

"ओळखतो म्हणजे? दर रविवारी येतात. बाथरूमच्या टाइल्स बघतात. माझ्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडतात, पाणी पितात आणि जातात! मी रेटसुद्धा कमी करून पाहिला. घर बांधायचं असेल म्हटलं गावी, धीर होत नसेल."

पर्णिकाने वळून सुदेशकडे पाहिलं. दर रविवारी! हा बावळट माणूस दर रविवारी इथवर येत होता, आणि ती मात्र त्याला काही पडलेलीच नाही म्हणून झुरत बसली होती. ती बोलणार, एवढ्यात सुदेशने तिचा हात हलकेच दाबला.

"मी बोलतो," तो म्हणाला. आणि एक पाऊल पुढे झाला. "काका, बरोबर आहे तुमचं. मला घर बांधायचंय."

"मग तेच म्हणतोय मी! किती स्क्वेअर फूट?"

"ते... पर्णिकाला विचारून ठरवावं लागेल."

जगन्नाथरावांच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली नाही. त्यांनी त्या दोघांच्या धरलेल्या हातांकडे पाहिलं, मग बराच वेळ सुदेशकडे पाहिलं.

"हे मला एकट्याला ठरवता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, पर्णिकाच्या आईचा नंबर लावला आणि फोन कानाशी धरून पायाने एक स्टूल सुदेशकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "आणि आज पाणी पिऊन पळून जायचं नाहीस तू."